आखूड दांड्याचे खुरपे

मानवी संस्कृतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तलवारीची आणि तोफेची नोंद जितक्या अगत्याने ठेवली, तितक्या अगत्याने कुदळीची आणि खुरप्याची कधीच ठेवली नाही. वास्तविक तलवार वर्षानुवर्षे म्यानात राहिली तरी राज्याचे काही बिघडत नाही. कुदळ मात्र एक हंगामभर कोनाड्यात पडून राहिली, तर त्याच राज्याचा महसूल आटतो आणि दफ्तरातील बाकी फुगते. ज्या शहराच्या पेठा आणि वस्त्या महाराजबाग, तुळशीबाग, रेशीमबाग, मोतीबाग अशी नावे मिरवितात आणि ज्याची ख्याती देशभर संत्र्याच्या फळामुळे पसरली, त्या नागपूरच्या वाचकाला तरी ही उपेक्षा खटकावयास हवी. बाग म्हटली की डोळ्यांपुढे फूल येते, फळ येते, फार तर पाण्याचे कारंजे येते. ज्या लोखंडाने ती जमीन उकरली, आळी केली आणि तण उपटले, त्या लोखंडाची आठवण क्वचितच होते. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे, आणि ती सांगताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावयाचा आहे : प्रत्येक नव्या अवजाराने श्रम कोणाचे वाचविले, आणि कोणाचे तसेच राहू दिले?

या हकीकतीचा आरंभ शोधण्यासाठी नागपूरकराला दूर जावे लागत नाही. काटोलच्या रस्त्याने शहराबाहेर पडले म्हणजे जुनापाणी आणि माहुरझरी यांच्या परिसरात मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आढळतात. ही शिलावर्तुळे म्हणजे लोहयुगात येथे नांदलेल्या लोकांची दफनस्थाने होत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अंमलदाराने जुनापाणीची काही वर्तुळे उकरून पाहिली, आणि विसाव्या शतकात शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नाईकुंड येथे शास्त्रशुद्ध उत्खनने केली. मृताबरोबर पुरलेल्या वस्तूंत खंजीर आणि भाले आहेत, घोड्याचा साज आहे. पण त्यांच्या शेजारीच कुऱ्हाडी आहेत, छिन्न्या आहेत, लाकूड तासण्याची आणि माती उकरण्याची हत्यारे आहेत. परलोकाच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला शस्त्राइतकीच अवजाराचीही गरज लागेल, अशी त्या समाजाची समजूत असली पाहिजे. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी वसलेल्या नाईकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली, आणि तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. माहुरझरीला मिळालेल्या एका छिन्नीचे धातुपरीक्षण झाले तेव्हा ती साध्या लोखंडाची नसून पोलादाची असल्याचे आढळले. म्हणजे ज्या धार टिकण्याच्या गुणासाठी आपण आज परदेशी कात्रीला चौपट दाम मोजतो, तो गुण लोखंडात आणण्याची विद्या या भूमीला दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

त्या काळच्या वैदर्भीय कुऱ्हाडीची घडण मोठी लक्षणीय आहे. तिचे पाते लांबट व सपाट असे. दांडा घालण्यासाठी त्यात भोक नसे. पाते दांड्याला लावून त्यावर लोखंडी पट्ट्यांची कडी आडवी आवळून टाकीत. पाते आणि दांडा यांचा सांधा कसा साधावा, हा अवजारांच्या इतिहासातील पहिला मोठा प्रश्न आहे, आणि मनुष्याने त्याची तीन उत्तरे दिली. पहिले म्हणजे बांधणे, जसे या कुऱ्हाडीत आहे. दुसरे म्हणजे पात्यालाच निमुळती शेपटी ठेवून ती तापवून लाकडी मुठीत ठोकणे, जसे खुरप्यात आणि विळ्यात आजही करतात. तिसरे म्हणजे पात्यातच नेढे ठेवून त्यातून दांडा ओवणे, जसे कुदळीत आणि फावड्यात असते. या तिसऱ्या युक्तीचे मर्म असे की दांड्याचे जाड टोक बाहेरच्या अंगाला ठेवले म्हणजे प्रत्येक फेकीबरोबर पाते त्या जाडीवर अधिकच आवळले जाते. घावाची जी शक्ती सांधा सैल करावयाची, तीच त्याला घट्ट करते. ऋग्वेदात अगस्त्य ऋषी खनित्रांनी खणत असल्याचा उल्लेख आहे. ते खनित्र लोखंडाचे होते की लाकडाचे, हा वाद पंडितांकडे सोपवावा, पण खणण्याचे काम ऋषीलाही कमीपणाचे वाटत नव्हते एवढे त्यावरून निश्चित होते.

अवजाराचा आकार मनुष्य ठरवितो असे आपण समजतो; बहुतांशी तो जमीन ठरविते. नागपूरच्या आसपासची काळी कपाशीची जमीन आषाढात फुगते आणि पायाला चिकटते, वैशाखात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इंग्रज माळ्याचे खोरे सरळ पात्याचे असते. तो ते उभे रोवतो आणि बूट घातलेल्या पायाने त्यावर भार देतो. आपला माळी परंपरेने अनवाणी, त्याची जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण. पायाच्या भाराने तेथे काही साधत नाही. म्हणून त्याचे फावडे दांड्याशी कोन करून बसविलेले असते, ते वर उचलून फेकीच्या वेगाने जमिनीत उतरविले जाते आणि माती आपल्याकडे ओढून घेते. त्याच ओढीत ती घमेल्यात भरता येते. कठीण थरासाठी टिकाव, त्याहून कठीण खडकाळ जागेसाठी सब्बल, मऊ वाफ्यासाठी खुरपे, अशी कामाची वाटणी ठरून गेलेली आहे. सन १८९३ मध्ये हिंदुस्थानच्या शेतीवरील आपला अहवाल प्रसिद्ध करणाऱ्या डॉ. व्होल्कर या रसायनतज्ज्ञानेही, येथील अवजारे प्रथमदर्शनी ओबडधोबड भासली तरी ती स्थानिक परिस्थितीला अनुरूप आहेत आणि विलायती अवजारे सरसकट आणून भागणार नाही, असाच अभिप्राय दिला होता.

याचा अर्थ जुने ते सर्व निर्दोष, असा मात्र नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावीनात, आणि पहिला नांगर खपण्यास बराच काळ जावा लागला. पुढे त्याच नांगराने किर्लोस्करवाडीचे नाव घरोघर नेले. जमिनीची साक्ष आणि जमिनीविषयीचा पूर्वग्रह या दोन गोष्टी वेगळ्या काढता येणे, हीच सुधारणेची पहिली पायरी होय.

आता खास बागेकडे वळू. नागपूरकर भोसल्यांना बागांची हौस मोठी. सीताबर्डीजवळची महाराजबाग, शहरातील तुळशीबाग आणि बाहेरच्या अंगाला सक्करदरा, पालडी, सोनेगाव, तेलंगखेडी येथील बागा ही त्या हौसेची साक्ष. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची रोपे आणविली, अशी परंपरा आहे. त्या रोपांचा वंश काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांत असा काही विस्तारला की २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन लाभले, आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही याच शहरात नांदते आहे.

संत्र्याने विदर्भाच्या माळ्याला हलक्या हाताची विद्या शिकविली. ज्वारी-कपाशीला जे अवजार चालते ते या झाडाला चालत नाही. त्याची अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्याच थरात पसरलेली असतात. कुदळीने खोल खांदणी केली की ती तुटतात, आणि बुंध्याला घाव लागला तर तेथून डिंक्या रोगाचा शिरकाव होतो. शिवाय हे झाड बियांपासून वाढवीत नाहीत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. त्यासाठी लागतो तो छोटा, अतितीक्ष्ण चाकू : खुंटाच्या सालीवर उभी-आडवी चीर द्यावयाची, साल अलगद उचलावयाची, आत डोळा सरकवावयाचा आणि पट्टीने बांधून टाकावयाचे. चाकू बोथट असेल तर साल चिरडते आणि डोळा जळतो. वरुडजवळच्या शेंदूरजनाघाटात रोपवाटिकांचा जो मोठा व्यवसाय उभा आहे, तो या बोटभर पात्याच्या आधारावर. पुढे झाड मोठे झाले की दरवर्षी सल काढावी लागते, म्हणजे वाळलेल्या काड्या हिरव्या भागापर्यंत छाटाव्या लागतात. आणि कापलेल्या जागी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मलम लावतात. हे मिश्रण फ्रान्समधील बोर्दो परगण्याच्या द्राक्षमळ्यांतून १८८५ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या दप्तरी दाखल झाले, आणि त्याच्याबरोबर फवारणीचा पाठीवरचा पंप हे नवे अवजारही बागाईतदाराच्या खटल्यात सामील झाले.

छाटणीच्या कात्रीची, जिला आपले माळी सिकेटर म्हणतात तिची, जन्मकथा विलक्षण आहे. फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या मंत्रिमंडळात आरमाराचा कारभार पाहिलेला बर्त्राँ द मोल्व्हिल नावाचा सरदार राज्यक्रांतीच्या वावटळीत देशोधडीला लागला. इंग्लंडात आश्रय घेऊन पुढे स्वदेशी परतल्यावर, १८१५ च्या सुमारास, त्याने हे दोन पात्यांचे अवजार योजिले, असे श्रेय त्याला दिले जाते. तोपर्यंत द्राक्षवेल कोयत्यासारख्या बाकदार चाकूने छाटीत. त्यासाठी एक हात चाकूला आणि दुसरा फांदीला गुंतवावा लागे, आणि चाकू निसटला तर बोट जाई. सिकेटरने काम एका हातात आणले. जुन्या माळ्यांनी प्रथम तक्रार केली की या कात्रीने फांदी चिरडते. ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. या कात्रीचे दोन प्रकार आहेत : एकात धारदार पाते दुसऱ्या बाकदार पात्याच्या अंगावरून घसरत जाते, दुसऱ्यात ते सपाट पट्टीवर जाऊन आपटते. हिरव्या फांदीला पहिला प्रकार योग्य, कारण तो साफ कापतो. दुसरा वाळलेल्या काडीपुरता ठीक. संत्र्याचे फळ तोडतानाही अशीच लहान कात्री वापरावी, म्हणजे देठाचे बोंड फळाला राहते. हाताने हिसडून तोडले तर सालीला भोक पडते, त्यातून कूज शिरते, आणि दूरच्या बाजारपेठेत पेटी उघडेपर्यंत एकाच्या संसर्गाने दहा फळे खराब झालेली असतात.

हिरवळ कापण्याच्या यंत्राचा संबंध तर कापडगिरणीशी आहे. इंग्लंडातील ग्लॉस्टरशर परगण्यात, स्ट्राउड गावाजवळ, एडविन बडिंग नावाचा कारागीर राहत असे. लोकरी कापडावरील लव कातरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र पाहून, हेच गवताला का लावू नये, असे त्याच्या मनात आले आणि १८३० मध्ये त्याने त्याची सनद घेतली. त्यापूर्वी श्रीमंतांची हिरवळ लांब दांड्याच्या कोयत्यांनी पहाटेच्या दवात कापीत. आपल्याकडे मजुरांची रांग विळे घेऊन गवतात बसे. इंग्रजी अंमलात नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधील बंगल्यांभोवती हिरवळी आल्या, आणि १९०६ मध्ये येथे कृषी महाविद्यालय स्थापन होऊन महाराजबाग त्याच्या देखरेखीखाली आली, तेव्हा राजाची विलासभूमी विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा बनली. जमशेटजी टाटांनी १८७७ साली जेथे एम्प्रेस मिल उभारली, त्या गिरण्यांच्या शहरात दुसऱ्या एका गिरणीतून निपजलेले हे यंत्र रुळले, हा एक मौजेचा योग म्हणावा लागेल.

पण सर्वांत मोठी क्रांती पाण्याच्या अवजारांत झाली. संत सावता माळ्यांनी आपल्या अभंगांत मळ्यातील साधनांना भक्तीच्या रूपकात बसविले, त्या काळापासून पुढे जवळजवळ सातशे वर्षे मोट हीच बागाईतीची जीवनवाहिनी होती. चामड्याची मोट, तिला वरून ओढणारा नाडा आणि सोंडेला बांधलेली सोल, उताराची धाव, थारोळे आणि तेथून निघालेला पाट : बैल धावेवरून खाली उतरत, मोट वर येई, सोल सोंडेला थारोळ्याकडे ओढून घेई आणि सोंडेतून पाणी आपोआप ओतले जाई. मनुष्याच्या बाहूंचे काम तिने बैलांच्या खांद्यावर दिले. तेलावरच्या इंजिनाने आणि विजेच्या पंपाने ते बैलांच्या खांद्यावरूनही उतरविले. मात्र पाणी मुबलक झाले तसे ते उधळूही लागले. पाटाचे पाणी बुंध्याशी साचून संत्र्याची मुळे सडू लागली, म्हणून दुहेरी आळ्याची पद्धत सांगितली गेली : आतले आळे बुंध्याला कोरडे राखते, आणि पाणी दोन आळ्यांच्या मधल्या पट्ट्यात फिरते. पुढे इस्रायलच्या सिम्हा ब्लास या अभियंत्याने विकसित केलेले ठिबक सिंचन जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात रुजविले, आणि आज संत्र्याच्या बागेत पाट धरणाऱ्या माणसाच्या जागी काळी नळी दिसते.

अवजार विकत घेतले म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्याची बाग फार दिवस टिकत नाही. इतवारीच्या लोहाओळीत आज कारखान्यातील ठोकळेबाज खुरपी आणि फावडी ढिगाने मिळतात. तरीही जाणता माळी लोहाराने कमानपाट्यापासून घडविलेले खुरपे पसंत करतो, आणि त्याला सबळ कारण आहे. साध्या पत्र्याच्या लोखंडात कर्बाचे प्रमाण इतके अल्प असते की त्याला कितीही पाणी दिले तरी ते कठीण होत नाही. मालमोटारीच्या कमानीच्या पोलादात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याने, तांबडे तापवून पाण्यात विझविल्यावर त्याची धार टिकते. दांड्यासाठी धावड्याचे लाकूड उत्तम, कारण ते चिवट असते आणि घावाचा हिसका सोसते. नागपूरच्या उन्हाळ्यात दांडा आक्रसून नेढ्यात हलू लागला, तर पाते रात्रभर पाण्यात ठेवले की लाकूड फुगून बसते. रोगट झाड छाटल्यावर कात्री जंतुनाशकाने पुसल्याखेरीज दुसऱ्या झाडाला लावू नये. आणि पावसाळा संपला की प्रत्येक पात्यावर तेलाचा हात फिरवावा. या साध्या गोष्टी पाळल्या तर एक कुदळ दोन पिढ्यांना पुरते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. मोटेने बाहूंचे श्रम वाचविले, पंपाने बैलांचे. सिकेटरने छाटणाऱ्याचा दुसरा हात मोकळा केला. बडिंगच्या यंत्राने विळेकऱ्यांची रांग उठविली. ठिबकने दारे धरणाऱ्या पुरुषाला रात्रीची झोप दिली. आंब्याच्या बागाईतदारासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने फळे उतरविण्याचा नूतन झेला तयार केला, आणि कापणीसाठी सुधारित विळे निघाले. या सर्व यादीत एक अवजार मात्र शतकानुशतके जवळजवळ जसेच्या तसे राहिले आहे : वीतभर मुठीचे खुरपे. त्याचे कारण शोधावयास फार खोल जावे लागत नाही. पाणी, छाटणी, नांगरणी ही पुरुषांची कामे. निंदण हे बायकांचे. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत उकिडवे बसून, गुडघे पोटाशी घेऊन, एकेक पाऊल पुढे सरकत त्या तण काढतात, आणि चाळिशी उलटली की कंबर आणि गुडघे त्याचा हिशेब मागू लागतात. अवजार विकत घेणारा एक आणि ते वापरणारी दुसरी, असा जेथे प्रकार असतो, तेथे सुधारणेची निकड खरेदीदाराला जाणवत नाही.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात भाजीच्या आणि बीटच्या मळ्यांवर मेक्सिकन मजुरांना असेच आखूड दांड्याचे खोरे देत. त्याने काम नेमके होते असा मळेवाल्यांचा दावा होता, आणि वाकलेला मजूर विसाव्यासाठी उभा राहिला की मुकादमाला दुरून दिसे, हीही एक गोम होती. मजुरांच्या पाठी कायमच्या मोडू लागल्या, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि १९७५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर त्या अवजारावर बंदी आली. मळे ओस पडले नाहीत. लांब दांड्याने पीक तसेच निघाले.

आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सायकलच्या चाकाचे कोळपे, उभ्याने ढकलावयाचे चाकाचे खुरपे, लांब दांड्याची कुदळी अशी साधने बाजारात आहेत आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी त्यांचे सुधारित नमुनेही सिद्ध झाले आहेत. रोपवाटिकेच्या दाट वाफ्यात, रोपाच्या अगदी मुळाशी, आखूड खुरप्याला पर्याय नाही, हे मान्य करावयास हवे; पण जेथे दोन ओळींत पाऊलभर अंतर आहे, तेथे बाईमाणसाला उकिडवे बसविण्याचे समर्थन करता येत नाही. ज्याच्या पदरी बाग आहे, मग ती काटोलची दहा एकरांची असो की धरमपेठेतील अंगणाची, त्याने नवे अवजार घेताना ते आपल्या हातात न धरता जिला वापरावयाचे आहे तिच्या हातात द्यावे, आणि दांडा तिच्या खांद्याच्या उंचीला पोहोचतो की नाही ते पाहावे. दांडा लांब करावयास एक बांबूची काठी आणि लोहाराचे अर्ध्या तासाचे काम पुरते. एवढी तजवीज प्रत्येक बागाईतदाराने यंदाच्या मृगापूर्वी करावी.